देवघरातील फासा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली की आमच्या माहूरगडाचे रूप पालटते. रेणुकामातेच्या पायऱ्यांवर पहाटेपासून भाविकांची रीघ लागते, तांबूलाचा प्रसाद हातोहात जातो, आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांतून नऊ रात्री जागविल्या जातात. या दिवसांत आम्हा कीर्तनकारांस क्षणाची उसंत नसते. नदीच्या एका अंगास गड, तर दुसऱ्या अंगास यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका. त्या तालुक्यातील फुलसावंगी या गावी नवरात्रातील आमची एक सेवा कित्येक वर्षे रुजू होत आली आहे. आज या पुरवणीच्या निमित्ताने भाविक वाचकांसमोर जे निवेदन करावयाचे आहे, त्याचा उगम त्याच गावी, एका अत्यंत श्रद्धाळू घराच्या देवघरात आहे. त्यात आमच्या हातून घडलेला एक दोषही आहे. तो लपवून बाकीचे सांगणे हे देवीसमोर खोटे बोलण्यासारखे होईल. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

चांदीच्या डबीतील वस्तू

२०११ सालचे नवरात्र. रात्री कीर्तन झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरी नैवेद्यास बोलावणे होते. घरातील वडीलधाऱ्या बाईंना सारे गाव माई म्हणे. देवघर सारवून, रांगोळी घालून, माळ बांधून सजविलेले. घटाशेजारी लहानशी चांदीची डबी होती. माईंनी ती आमच्यासमोर उघडली. आत शेंदरात बुडविलेली, लवंगा-वेलदोड्यांत ठेवलेली एक काळसर वस्तू होती. दोन हात नमस्कारासाठी जोडावेत, तसा तिचा आकार. “महाराज, ही हत्थाजोडी. यात्रेत एका फिरत्या माणसाकडून घेतली. दुर्मिळ झाडाची मुळी आहे म्हणे. देवीचे हात आहेत. पूजा कशी करायची, तेवढं सांगा.”

आम्ही काशीस राहून शास्त्राध्ययन केलेले. चार लोकांत ‘शास्त्रीबोवा’ म्हणून मान. ‘हे आम्हास ठाऊक नाही’ असे म्हणण्यास विद्वानाची जीभ सहसा धजत नाही. आम्हीही धजलो नाही. चामुंडेचे ध्यान सांगितले, मंगळवारी नवा शेंदूर वाहावा असे सांगितले आणि दक्षिणा घेऊन गडाकडे परतलो. त्या घरी पुढे थोरल्या मुलाचे दुकान चांगले चालू लागले. माईंनी त्याचे श्रेय डबीस दिले आणि थोडेसे आम्हासही. आम्हास ते गोड वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

२०१७ साली वृत्तपत्रांतून जे प्रसिद्ध झाले, ते वाचून आमच्या अंगावर काटा आला. वन्यजीव गुन्ह्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेने आणि प्राणिशास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या हत्थाजोड्या तपासल्या होत्या. ती कोणत्याही झाडाची मुळी नव्हती. ते नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय होते. पूजासाहित्याच्या दुकानांतून आणि संगणकावरील बाजारातून ‘मुळी’ या नावाने ते देशभर आणि परदेशांतही विकले जात होते. ज्या वस्तूपुढे माई रोज हात जोडीत होत्या, आणि जिच्यासाठी आम्ही जगदंबेचे ध्यान सांगितले होते, ती एका मुक्या जिवाच्या हत्येतून आलेली होती.

वाचकहो, याहून मोठा दोष पुढे घडला. हे समजल्यावर आम्ही त्या घरी जाऊन सांगावयास हवे होते. आम्ही गेलो नाही. २०१८ चे नवरात्र गेले, २०१९ चे गेले, मग साथीच्या काळाने निमित्त दिले. माईंकडे नैवेद्यास जात होतो, डबीकडे न पाहता परतत होतो. त्यांची श्रद्धा दुखावेल, असे मनाला समजावीत होतो. खरे पाहता आमची प्रतिष्ठा दुखावेल, एवढीच आम्हास भीती होती.

देवांनी वाहने का निवडली?

आपल्या धर्मात देव एकटा येत नाही. तो एखाद्या प्राण्यासह येतो. जगदंबा सिंहावर वा वाघावर आरूढ आहे, कार्तिकेयाजवळ मोर आहे, गणेशाजवळ मूषक आहे, शंकराच्या गळ्यात नाग आहे. भगवान विष्णूने प्रत्यक्ष कूर्माचे रूप धारण केले. लक्ष्मीसमवेत घुबड आहे, यमुनेखाली कासव आहे, आणि आमच्या दत्तप्रभूंच्या पायांशी श्वान बसलेले आहेत. मूर्तिकाराने शोभेसाठी ही योजना केलेली नाही. ज्या प्राण्यास मनुष्य भितो, तुच्छ लेखतो किंवा अशुभ मानतो, त्यास देवाने आपल्या शेजारी स्थान दिले, असा तिचा भाव आहे.

आमचे माहूर दत्तात्रेयांचे स्थान. अवधूताने यदुराजास आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली, ती श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्या चोवीसांत प्राणी किती, हे आम्ही पूर्वी कधी मोजले नव्हते. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि कुंभारमाशी असे अकरा. जवळजवळ निम्मे गुरू रानातले! त्यांतील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाण तयार करणारा कारागीर त्याच्या एकाग्रतेमुळे गुरू झाला, पण बाण मारणारा पारधी मात्र त्या मालिकेत कोठेही नाही.

जुन्या ग्रंथांत या विषयाचा विचार आढळत नाही, असे कोणी म्हणू नये. महाभारताच्या उद्योगपर्वात वन आणि वाघ यांचा दृष्टान्त आला आहे. वाघावाचून वन तोडले जाते आणि वनावाचून वाघ मारला जातो, म्हणून दोघांनी एकमेकांचे रक्षण करावे, असा त्याचा आशय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाच्या प्रकरणी राजाने अभय दिलेल्या वनांतील मृग, पशु, पक्षी व मत्स्य यांना मारणाऱ्यास जबर दंड सांगितला आहे. शाकुंतलाच्या आरंभीच राजाचा बाण तपस्वी अडवितो. हा आश्रमातील मृग आहे, त्याला मारू नये, असे सांगतो, आणि चक्रवर्ती राजा बाण उतरवितो. आदिकाव्याचा जन्मही व्याधाच्या बाणाने विद्ध झालेल्या क्रौंच पक्ष्यासाठी वाहिलेल्या शोकातून झाला. राजदंड, तपस्वी आणि कवी हे तिघेही शिकाऱ्याच्या आड उभे राहिले, अशी आपली परंपरा आहे. मग आपले देवघर आज कोणाच्या बाजूस उभे आहे?

श्रद्धेच्या नावाने चाललेला बाजार

हत्थाजोडी ही त्या बाजारातील एकच वस्तू. ‘सियारसिंगी’ म्हणून केसाळ गोळा विकतात, तो कोल्ह्याचे शिंग असल्याचे सांगतात. कोल्ह्याला शिंग नसते, हे शाळेतील मूलही जाणते. तरीही ते घेणारे पदवीधर आम्ही पाहिले आहेत. मांडुळाचे शेपूट बोथट असते, त्यावरून त्यास ‘दुतोंड्या’ ठरविले. मग गुप्तधन दाखविणारा म्हणून त्याचा व्यवहार हजारो-लाखोंच्या गोष्टींनी होऊ लागला. वस्तुतः मांडूळ हा बिनविषारी साप असून शेतातील उंदीर खातो. कासवाच्या पायांची नखे मोजून त्याची किंमत ठरते. ‘पैशांचा पाऊस’ पाडून देतो म्हणणारे भोंदू खवले मांजर मागतात. हा बिचारा प्राणी रात्री वाळवी व मुंग्या खातो, माणसाच्या वाटेस जात नाही, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देतो आणि भय वाटले की अंगाचे वेटोळे करून निश्चल पडून राहतो. वाघाच्या जबड्यापासून त्याचे रक्षण करणारी ही युक्ती माणसापुढे मात्र फसते, कारण माणूस त्याला चेंडूसारखा उचलून पोत्यात घालतो. त्याच्या ज्या खवल्यांसाठी एवढा संहार चालतो, ती खवले आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याची आहेत. औषधी गुण आपल्या कापलेल्या नखात जेवढा, तेवढाच त्यांत.

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात याहून घोर प्रकार घडतो. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येस धनप्राप्तीसाठी घुबडाचा बळी देण्याची कल्पना कोणा अघोरी माणसाने काढली आणि देशाच्या अनेक भागांतील पक्ष्यांच्या बाजारांत त्या सुमारास घुबडांची मागणी वाढते. पक्षितज्ज्ञांनी २०१० साली या व्यापाराचा सविस्तर अहवालच प्रसिद्ध केला. लक्ष्मीस घरी बोलवावयाचे आणि तिच्या वाहनाची मान मुरगळावयाची, हा कोणता उपचार? पाहुणा दाराशी यावा आणि आपण त्याचा घोडा मारावा, त्यातला हा प्रकार. धान्यावर पडणारे उंदीर खाऊन घुबड शेतकऱ्याची खरीखुरी लक्ष्मी राखते, एवढे तरी ध्यानी घ्यावे.

वाघनखांचे ताईत, बिबट्याची कातडी, हरणाचे अजिन यांची कथा निराळी नाही. कोणी आम्हास गीतेतील सहाव्या अध्यायाचा दाखला देतात की ध्यानासाठी अजिन सांगितले आहे. त्यांना आमचे उत्तर असे की, आसन मनाच्या स्थैर्यासाठी आहे. दर्भासन आणि धाबळी यांवर बसून आमच्या गुरुजींनी जन्मभर अनुष्ठाने केली. ज्या कातड्यासाठी एखाद्या मृगाचे मन क्षणात शांत केले गेले, त्यावर बसून आपले मन कसे शांत व्हावे?

गर्भवती वाघीण

कोणी म्हणेल, या साऱ्या दूरदेशीच्या वार्ता. तसे नाही. यवतमाळ जिल्ह्याच्याच झरी जामणी तालुक्यात मुकुटबनचे वनक्षेत्र आहे. २०२१ च्या एप्रिल महिन्यात तेथील मांगुर्ला जंगलात एका गुहेत वाघीण मृतावस्थेत सापडली. तिच्या गळ्यात तारेचा फास होता. गुहेच्या तोंडाशी जाळ करून तिला कोंडण्यात आले होते, अंगावर घाव होते आणि पुढील पंजे कापून नेलेले होते. शवविच्छेदनात ती गर्भवती असल्याचे आढळले.

नवरात्रात आपण देवीची ओटी भरतो. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड ओटीत घालताना मातृत्वाचाच गौरव करतो. ज्या जिल्ह्यात घरोघर ही ओटी भरली जाते, तेथेच व्याघ्रवाहिनीच्या वाहनाची ही गत व्हावी! पंजे कापून नेणारा नखे स्वतःच्या गळ्यात घालीत नाही. ती कोणीतरी विकत घेतो, सोन्यात मढवितो आणि बाळाच्या गळ्यात बांधतो. गुहेच्या तोंडाशी लाकडे रचणाऱ्याचे हात आपणास दिसतात. पैसे मोजणारा हात मात्र देवघरातील समईच्या उजेडातही दिसत नाही.

फासा कसा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुचाकीच्या क्लचची तार, तिची एक सरकती गाठ आणि झाडाच्या बुंध्याशी बांधलेले दुसरे टोक, एवढेच त्याचे साहित्य. रानडुक्कर वा हरिण यांच्या पायवाटेवर तो लावतात. जनावर जसजसे ओढ घेते, तसतशी गाठ आवळते आणि तार मांसात रुतते. फासा कोणाची निवड करीत नाही. डुकरासाठी लावलेल्यात वाघीण अडकते, अस्वल अडकते, कधी गावातली गायही अडकते. उन्हाळ्यात पाणवठे आटले की उरलेल्या डबक्यात विष कालवितात. कोठे विजेच्या तारेवर आकडा टाकून रानात उघडी तार पसरतात. कोठे पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. वाघांची हाडे व कातडी यांच्यामागे आंतरराष्ट्रीय टोळ्याही आहेत. या टोळ्यांनी राजस्थानातील सरिस्का २००५ च्या सुमारास आणि मध्य प्रदेशातील पन्ना २००९ पर्यंत वाघांपासून पुरते रिते केले होते. तेथे पुन्हा वाघ दिसतात ते बाहेरून आणून वसविल्यामुळे.

येथे शेतकऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे निरूपण एकांगी होईल. रोही आणि रानडुकरे यांनी एका रात्रीत सोयाबीनचा वा तुरीचा वावर फस्त केल्यावर सकाळी बांधावर बसलेला शेतकरी आम्ही पाहिला आहे. थंडीत जागलीवर बसणाऱ्याचे दुःख गादीवर झोपणाऱ्याने हिणवू नये. राळेगाव-पांढरकवडा भागात एका वाघिणीच्या भयाखाली कित्येक गावांनी दोन वर्षे काढली, तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध तिच्याशी जोडला गेला, आणि अखेर २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. ज्या घरातील माणूस गेले, त्या घराला वाघाचे माहात्म्य सांगावयास जाणे निर्दयपणाचे होय. परंतु कुंपणात थेट वीज सोडणे हा त्यावर उपाय नव्हे. त्या तारेने वाघ मरतो, तसा शेजारचा गडी आणि कधी कधी स्वतःचा मुलगाही मरतो. सौर कुंपणाचा झटका जनावराला माघारी फिरवितो, जीव घेत नाही. त्यासाठी शासनाचे अनुदानही आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरती मिळावी, हा शेतकऱ्याचा हक्क असून त्यासाठी भांडण्यात भाविकांनी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

रक्षणाचे पुण्य

हे सारे वाचून निराशा वाटेल. पण रक्षण शक्य आहे, याची साक्ष आकडेच देतात. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि आपले मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत होते. तरीही शिकारीने आणि जंगलतोडीने २००६ च्या अंदाजात देशात अवघे १,४११ वाघ उरले, महाराष्ट्रात १०३. त्यानंतर पहारे वाढले, वन्यजीव गुन्ह्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, विशेष व्याघ्र संरक्षण दले आली. २०२२ च्या अंदाजात देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ गणले गेले. सोळा वर्षांत राज्यात चौपटीहून अधिक!

आमच्या या मुलखाने त्याचे प्रत्यक्ष दर्शन घेतले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ स्वतःचे राज्य शोधण्यास निघाला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी यंत्राचा पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याची वाट समजली. उमरखेड व पुसदचा वनप्रदेश, पैनगंगेचे अभयारण्य, ईसापूर, हिंगोली, अकोला असा फिरत तो पाच महिन्यांत तेराशेहून अधिक किलोमीटर चालला आणि डिसेंबरच्या आरंभी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. फुलसावंगीचा परिसर या पट्ट्यातलाच. एवढ्या वाटेत त्याने शेते ओलांडली, ओढे ओलांडले, गावांच्या कडेने रात्री काढल्या. आणि कोणत्याही एका वळणावर क्लचची एक तार त्याची यात्रा संपवू शकली असती. आमच्याकडे पायी वारी करणाऱ्यास पाणी देणे हे पुण्य मानतात. या मुक्या वारकऱ्याला कोणी पाणी द्यावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. वाटेत कोणी फास लावू नये, एवढेच पुरे होते.

हे रक्षण ज्यांच्या बळावर चालते, ते वनरक्षक, वनमजूर आणि गावोगावचे तरुण रानात पायी फिरून फासे शोधतात, ते काढून गोळा करतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकास वाघिणीच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. हातात शस्त्र नसताना पहाटे रानात शिरणाऱ्या अशा भगिनींना आम्ही या नवरात्रात विशेष आदराने वंदन करतो. नवदुर्गांचे दर्शन केवळ गाभाऱ्यातच घडते असे नाही.

श्रद्धा ही या कार्यात अडथळा नाही. योग्य वळण लागल्यास तीच मोठी शक्ती आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २०२० साली डुगवे गावी ग्रामस्थांसह ‘खवलोत्सव’ केला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचते, तशी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचविली गेली. ज्या प्राण्यास उद्या कोणी पोत्यात घातले असते, तो गावाचा मानकरी झाला! आदिवासी बांधव तर आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात आणि वाघोबाच्या शिळेस शेंदूर लावून ‘आमच्या गुरांना सांभाळ’ म्हणून विनवितात. त्याच तिथीस आपण वसुबारस करतो. गाय आणि वाघ यांची पूजा एकाच दिवशी यावी, यापेक्षा समन्वयाचे सुंदर उदाहरण आम्हास तरी ठाऊक नाही.

“मले तवाच काहून नाही सांगितलं?”

आता पुन्हा फुलसावंगीस येतो. २०२३ च्या नवरात्रात तेथे आमचे कीर्तन झाले. उत्तररंगास कपोताचे आख्यान घेतले होते. पिल्ले जाळ्यात अडकलेली पाहून कपोती जाळ्यात उडी घेते आणि तिच्यामागे कपोतही जातो. आसक्ती कशी घातक, हे दाखविण्यासाठी अवधूताने ही कथा सांगितली, आणि आम्हीही ती चाळीस वर्षे तशीच सांगत आलो. त्या रात्री समोर पहिल्या रांगेत माई बसल्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. आमच्या मनात आले की, पक्ष्यांच्या आसक्तीवर आम्ही इतकी वर्षे बोललो, पण जाळे कोणासाठी विणले होते, याचा उच्चार एकदाही केला नाही. पुढचा शब्द सुचेना. झांजवाल्याने वेळ सांभाळून घेतली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्यापूर्वीच आम्ही माईंसमोर बसलो आणि सारे सांगितले. डबीतील वस्तू काय आहे ते सांगितले, आणि आम्हास ते सहा वर्षांपासून ठाऊक आहे, हेही सांगितले. माई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, “महाराज, मले तवाच काहून नाही सांगितलं? मी सहा वरीस त्याले हात जोडले ना.”

या प्रश्नास शास्त्रात उत्तर नाही. आम्ही खाली मान घातली.

मुलगा म्हणाला, डबी पैनगंगेत सोडून देऊ, कोणास कळणारही नाही. माईंनी मानले नाही. “देवीच्या पुढं ठेवलेलं हाय, चोरावानी कसं टाकू?” त्याच दुपारी आम्ही तिघे वनखात्याच्या कार्यालयात गेलो. भीती वाटत नव्हती असे कसे म्हणावे? असा अवयव बाळगणे हाही गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत कायद्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, हे आम्हास ठाऊक होते. माईंनी घडले ते सांगितले. पूजेचा विधी आम्ही सांगितला होता आणि सत्य समजूनही आम्ही मौन बाळगले, हे आम्ही आमच्या जबाबात लिहून सही केली. डबीतील वस्तू तेथे राहिली. रिकामी डबी घेऊन माई घरी आल्या. त्यांना त्यानंतर बोलावणे आलेले नाही. आले तर आम्ही सोबत जाणार आहोत.

दुकान पूर्वीसारखेच चालते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांतून अशा वस्तू केवळ भयापोटी ठेवल्या जातात. काढली तर काही अनिष्ट होईल, अशी धास्ती असते. माईंच्या घरी त्या जागी आता घटाशेजारी पाण्याचा एक तांब्या असतो.

भाविकांस विनंती

या नवरात्रात प्रत्येक गृहिणीने आपले देवघर, जुन्या पेट्या आणि माळा एकदा डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. हत्थाजोडी, सियारसिंगी, नख, कवटी, कातडे यांपैकी काही विकत घेऊ नये, कोणी भेट दिल्यास स्वीकारू नये. घरात वडिलार्जित अशी वस्तू असेल आणि तिचा मालकीदाखला असेल, तर २०२२ च्या सुधारित कायद्याने ती शासनाच्या स्वाधीन करण्याची सोय आहे. दाखला नसेल तर वकिलाचा वा जाणत्याचा सल्ला घेऊन उघडपणे वनखात्याकडे जावे. रानात फास दिसला, कोठे मांडूळ, कासव वा घुबड विकावयास आलेले आढळले, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. स्वतः पकडापकडी करू नये.

आमच्या कीर्तनकार आणि पुरोहित बंधूंस तर हात जोडून विनंती आहे. यजमान वस्तू पुढे करतो, तेव्हा तो आपल्या विद्येवर विश्वास टाकीत असतो. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणावे. आपल्या तोंडून निघालेला एक मंत्र बाजारात शंभर घोरपडींची किंमत वाढवितो. आम्ही हा हिशेब उशिरा शिकलो. तुम्ही उशीर करू नये.

विजयादशमीस सीमोल्लंघन करून आपण आपट्याचे पान सोने म्हणून वाटतो. झाडाच्या पानास सोने मानणारा आपला धर्म आहे; त्याला सोन्यासाठी कोणाचे पंजे तोडण्याची गरज कधीच नव्हती. गडावरील माता रेणुका आणि अवधूत दत्तात्रेय आपणा सर्वांस एवढी बुद्धी देवोत की, वाहन सुखरूप असेल तरच देवी आपल्या दारी येईल, हे आपण ओळखावे.

जगदंबेच्या चरणी इतकीच प्रार्थना करून ही सेवा पूर्ण करतो.